ठोकळा धरणारा

त्या दिवशी संध्याकाळी मला डाव्या पंखाचा शेवटचा पत्रा बसवून टाकायचा होता, बाकी काही नाही. विमानाचे सुटे भाग खोक्यांतून घरी आल्यापासून मागच्या शेडमध्ये गाडीला जागा उरली नव्हती. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस. विमान बांधायला शिकलो ते पुस्तकं वाचून, पत्रे वाया घालवून आणि बायकोची बोलणी खाऊन. चालवणार होती आमची मुलगी. परवाना तिच्याकडे होता, आणि पहिलं उड्डाण आपणच करणार हे तिने आम्हाला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्यामुळे पत्रे जोडणारा प्रत्येक रिव्हेट ठोकताना माझ्या डोक्यात एकच असायचं: यावर पोरगी बसणार आहे.

पत्रा ठोकायला दोन माणसं लागतात. पंख चौकटीत एका कडेवर उभा असतो. मी बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोडीने रिव्हेट ठोकतो. पलीकडच्या बाजूने दुसऱ्याने तपासणीच्या भोकातून हात आत घालून रिव्हेटच्या शेपटीला पोलादी ठोकळा लावून धरायचा. शेपटी त्यावर चेपते आणि पत्रा पंखाच्या आतल्या आधारपट्टीला, बरगडीला, पक्का बसतो. मागे ठोकळा नसेल तर रिव्हेट नुसता आत ढकलला जातो. माझा दंड त्या भोकात मावत नाही, बायकोचा मावतो.

"तुम्ही माझा हात मागितला होता," ती कोपरापर्यंत आत जात म्हणाली, "तो या कामाला, हे तेव्हाच सांगायचं."

"तेव्हा सांगितलं असतं तर दिला असतास?"

"दिला असता. पण दर ठरवून."

हातोडीचा आवाज कान फोडणारा, म्हणून दोघांच्या कानांवर जाड झाकणं. मधे पंख, त्यामुळे एकमेकांचं तोंडही दिसत नाही. बोलणं ठोक्यांचं. तिने ठोकळ्याने आतून एकदा टकटक केलं की ठीक, दोनदा म्हणजे अजून हाण, तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक. कानांनी नाही, तळहात पत्र्यावर ठेवून ऐकायचं.

पंखाच्या आत एक छोटा दिवा ठेवला होता. बाहेर अंधारत आलं, तशी रिकाम्या भोकांची रांग उजेडाच्या ठिपक्यांसारखी चमकू लागली. मी रिव्हेट घातला की एक ठिपका विझायचा. शेडमध्ये घासलेल्या अॅल्युमिनियमचा थंड वास होता. पंख अंगभर चांदण्या घेऊन उभा होता, आणि तो आपल्या हातचा आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता.

काम लागोपाठ होऊ लागलं. ठोक, एक टकटक. ठोक, एक टकटक. इतकी लय आमची कधी जमली नव्हती. शेपट्या कशा बसत होत्या ते मला हातालाच कळत होतं.

मग पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मागच्या कण्याजवळच्या एका रिव्हेटला तीन ठोके आले.

मी पाहिलं. डोकं सपाट, सुरेख बसलेलं. पुन्हा हलकेच हाणलं. पुन्हा तीन, या वेळी सावकाश. न समजणाऱ्याला समजवावं तसे.

जरा चिडूनच मी रिव्हेट ड्रिलने काढला आणि दुकानातलं भिंग लावून भोकात पाहिलं. आतल्या बरगडीवर, भोकाच्या कडेपासून केसाएवढी चीर गेलेली होती. पत्रा बसल्यावर ती कुणालाही दिसली नसती. आकाशात, ताणाखाली, ती वाढत गेली असती.

कानांवरची झाकणं काढून मी वळसा घालून पलीकडे गेलो. "अगं, तुला हे दिसलं कसं..."

स्टुलावर कोणी नव्हतं.

घराचं दार वाजलं. बायको अंगणातून येत होती, एप्रनच्या खिशात हात घालून. "खांदा भरून आला होता. ओरडून सांगून गेले मी, ऐकलं नाहीत?" तिने खिशातून काढून माझ्या हातात ठेवला तो पोलादी ठोकळा होता. आमच्याकडे एकच होता.

मी ठोकलेल्या रिव्हेटच्या रांगेकडे बोट केलं. ती रांग बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "हे... एवढे सगळे... कुणी धरले?"

तेवढ्यात उरलेल्या ठिपक्यांपैकी पहिला विझला. मग दुसरा. पहिला पुन्हा उजळला. आतून काहीतरी दिव्यापुढून सरकत, घाई न करता, पंखाच्या टोकाकडे चाललं होतं. टोकाकडे आत माझी मूठसुद्धा उभी मावत नाही.

"उंदीर असेल..." ती म्हणाली.

"उंदराला चीर कळते?"

तिने माझी बाही धरली. पळालो मात्र नाही आम्ही. देवळात गेल्यावर पाय आपोआप हळू पडतात, तसं काहीसं झालं होतं.

मुलीला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तिने पंखावर तळहात ठेवला. "बाबा, चीर दाखवणाऱ्याला माझं पडणं नकोय," ती म्हणाली. "रांग राहू दे. बरगडी दुरुस्त करा."

मी बरगडीला जोडपट्टी मारली. विमानखात्याचे तपासनीस आले, आरसा आत घालून त्यांनी चीर, पट्टी, सगळी रांग पाहिली. "ठोकळा कुणी धरला? हात चांगला आहे," एवढंच म्हणाले. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. मग पंख धडाला जोडला, सांध्यावरचं गोलसर झाकण वाऱ्याला कड लागू नये म्हणून पुन्हा पुन्हा घासून बसवलं, आणि एका स्वच्छ सकाळी पोरगी उडाली.

मला विमान दिसत होतं, पण मी पाहत होतो डाव्या पंखाकडे. बायको शेजारी श्वास रोखून.

उतरल्यावर मुलीचा चेहरा पांढरा होता, डोळे मात्र लकाकत होते. "उतरताना वाऱ्याचा आडवा झोत आला. डावा पंख एकदम खाली गेला. मी काही करायच्या आत... कुणीतरी उचलून धरल्यासारखा सरळ झाला." मग लगेच, "उद्या पुन्हा जाऊ?"

पहिल्या उड्डाणानंतर आतून तपासायचं असतं. मी पंखाखालचं झाकण उघडलं, आरसा आणि दिवा आत घातला. पट्टी जागेवर होती. शेपट्या जागेवर होत्या. पट्टीशेजारी बरगडीवर, कडक धातूत, उड्डाणाआधी नव्हते असे चार बोटांचे ठसे खोल उमटले होते, कठड्याला घट्ट धरावं तसे.

करंगळीचा ठसा लांबट ओढला गेलेला होता. पकड सुटत आल्यासारखा.