गव्याच्या डाव्या बाजूची दांडी

ठक्.

चटका बसावा तसा शाल्मलीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिनाची घरघर खाली आली आणि आवाज गायब. तिने दबकत पुन्हा पाय दाबला. इंजिन डरकलं, आणि त्याच क्षणी बॉनेटखालून परत, ठक्. शिवाय हातातलं स्टिअरिंग क्षणभर अडकलं. कुणीतरी खालून मुठीत धरून सोडून द्यावं, अगदी तसं.

“पक्कड, धुराची नळी आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यात किती क्लिअरन्स आहे म्हणालीस?” क्लिअरन्स म्हणजे दोन भागांच्या मध्ये सोडलेली मोकळी जागा. शाल्मलीच्या आज्जीच्या वर्कशॉपमध्ये हा शब्द दिवसातून पन्नासदा तरी ऐकू येई.

“बारा मिलिमीटर,” बॉनेटमध्ये मान खुपसून पक्कड म्हणाली. पक्कड ही वर्कशॉपमधली यंत्रमानव. चार हात, एक दिवा, आणि चूक काढली की लगेच फुगणारा स्वभाव. “सात वेळा मोजलं. सातही वेळा बारा. आठव्यांदा मोजू का, तुझ्या समाधानासाठी?”

“मग बारा मिलिमीटर दूर असलेली वस्तू आपटते कशी?”

पक्कडच्या दिव्याची उघडझाप झाली. तिने आठव्यांदा मोजपट्टी आत सरकवली.

घड्याळात साडेदहा वाजले होते. चार वाजता तपासणी अधिकारी नाईकवडी साहेब येणार होते.

साल २०५८. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या रस्त्यांवरून सगळ्या गाड्या विजेवर पळायच्या, आवाज न करता, मांजरीच्या पावलांनी. आणि या एका शेडमध्ये उभा होता गवा. अठ्ठ्याऐंशी वर्षांची अमेरिकन गाडी, काळीकुट्ट, रुंद खांद्यांची. चाकं मात्र पांढरी. राधानगरीच्या जंगलातल्या गव्याने पायात पांढरे मोजे घालावेत, हुबेहूब तशी. म्हणून ते नाव. एका सिनेमा कंपनीने पाठलागाच्या दृश्यासाठी ती आणली होती आणि काम झाल्यावर इथेच टाकून गेली. आज्जीचे वडील, म्हणजे आप्पा, तेव्हा चोवीस वर्षांचे फिटर. अमेरिकेत गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. सिनेमाचा नायक त्या बाजूला बसून चालवायला घाबरला, तेव्हा आप्पांनी स्टिअरिंगच उचलून उजवीकडे बसवून दिलं होतं. पुढे याच गाडीवर त्यांनी आपल्या मुलीला गाडी चालवायला शिकवलं.

ती मुलगी म्हणजे सुवर्णा सुतार, शाल्मलीची आज्जी. आयुष्यभर इंजिनांवर संशोधन केलेली शास्त्रज्ञ. वय सत्तर. गवा आता उसापासून केलेल्या स्पिरिटवर चालत होता, त्याला परवानगीही होती. पण जुन्या इंजिनांच्या नोंदणीचा आजचा शेवटचा दिवस. पास झाला, तर गव्याला रस्त्यावर धावता येणार होतं. नापास झाला, तर त्याचं इंजिन काढून तो संग्रहालयात जाणार होता. लोकांना गवा दिसला असता, पण त्याची डरकाळी कुणालाच ऐकू आली नसती. आणि स्टिअरिंगला काहीही घासत असलेली गाडी पास करायला नाईकवडी साहेब काही वेडे नव्हते.

“आठवलं,” शाल्मली उडी मारून खाली उतरली. “उष्णता. लोखंड तापलं की लांबतं. हेडर तापून लालबुंद होतात.” हेडर म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. गव्याच्या इंजिनात आठ सिलिंडर (ज्यांच्यात इंधन जळतं अशी नळकांडी), चार डावीकडे, चार उजवीकडे. म्हणून हेडरही दोन.

“या नव्या नळ्या बनवतानाच मी ते धरलंय,” पक्कड म्हणाली. “तापून नळी तीन मिलिमीटर वाढेल. बारातून तीन गेले, नऊ उरले. नऊ म्हणजे भरपूर. तुझ्या करंगळीची जाडी.”

शाल्मलीने करंगळीकडे बघितलं. हिशोब बरोबर होता. तेवढ्यात आज्जी आतल्या ओट्यावरून हात पुसत बाहेर आली. दुपारच्या पोळ्यांची कणीक मळून झाली होती.

“दोघी भांडताय काय गं?”

शाल्मलीने सगळं एका दमात सांगितलं. आज्जीने ऐकलं, वाकून दिवा मारून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. “मलाबी कळंना. पण एक सांगू? तुम्ही उभ्या गव्याची फट मोजलीत. तो डरकतो तेव्हाची मोजली का?”

“चालू इंजिनात मोजपट्टी कशी घालणार आज्जी? तुटेल की.”

आज्जी तडक वळली. आत गेली आणि कणकेचे दोन गोळे घेऊन आली.

शाल्मलीचे डोळे चमकले. वा रे आज्जी.

एक गोळा त्यांनी उजवीकडे, स्टिअरिंगच्या दांड्यावर बरोबर नळीसमोर चिकटवला. दुसरा डावीकडे, इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये, दोन्हींना टेकेल असा. आज्जीने चालकाच्या जागी बसून गवा चालू केला, तीनदा जोरात डरकवला आणि बंद केला. शेडभर भाजल्या पोळीचा खमंग वास सुटला.

उजवीकडचा गोळा पार पापड झाला होता. कडेने भाजलेला, मधोमध नळीचा गोल ठसा, आणि ठशाच्या जागी आरपार भोक.

“म्हणजे नळी खरंच टेकते,” पक्कड हळू आवाजात म्हणाली. तिचा दिवा मंद झाला.

“आणि हे बघ.” शाल्मलीने डावीकडचा गोळा दाखवला. तो चपटा झालाच नव्हता. उलट ताणला जाऊन मधोमध तुटला होता. “उजवीकडे दाबला गेला, डावीकडे ताणला गेला. पक्कड, म्हणजे नळी वाढली नाही. अख्खं इंजिन कलंडलं. डावी बाजू वर, उजवी खाली.”

“कलंडेल कसं? रबरी पायांवर बोल्टने आवळलंय,” पक्कड म्हणाली.

“रबरी म्हणतेस आणि वर विचारतेस,” आज्जी हसली. “रबर दबणारच. पण प्रत्येक वेळी त्याच बाजूला का कलंडतं, ते सांग शालू.”

शाल्मली शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागली. तिची नजर भिंतीवरच्या ड्रिल मशीनवर गेली आणि तिचं मनगट आपोआप दुखल्यासारखं झालं. मागच्या महिन्यात जाड पत्र्यात भोक पाडताना ड्रिल अडकलं होतं, आणि तिचा हातच पिरगळला होता. ड्रिल फिरत होतं एकीकडे. हात पिरगळला दुसरीकडे.

“आज्जी, तुझं फिरतं स्टूल घेऊ?”

ती स्टुलावर बसली, पाय जमिनीवरून उचलले, ड्रिलला घासायचं जड चाक लावलं आणि ते छताकडे रोखून बटण दाबलं. चाक उजवीकडे गरगरायला लागलं. आणि शाल्मली, स्टुलासकट, सावकाश डावीकडे वळली. पक्कडकडे पाठ होईपर्यंत वळली.

“अगं तू कुठे चाललीस?” पक्कड म्हणाली.

“मी कुठे जात नाही, चाक मला पाठवतंय,” शाल्मली हसत सुटली. “मी चाकाला उजवीकडे ढकलते, चाक मला डावीकडे ढकलतं. धक्का कधी एकटा नसतोच. त्याला उलट्या दिशेचा, तितकाच जोरदार जोडीदार असतो. क्रिया आणि प्रतिक्रिया. नववीच्या पुस्तकात आहे हे. मी पाठ करून दहापैकी दहा मिळवलेत, आणि आज सकाळपासून डोक्यात आलं नाही.”

ती जमिनीवर उतरली आणि खडूने फरशीवरच चित्र काढू लागली. चालकाच्या जागी बसून पुढे बघितलं, तर गव्याचा इंजिनदांडा (सगळ्या सिलिंडरांची ताकद गोळा करून चाकांकडे पाठवणारा दांडा) घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. इंजिन त्याला तसं फिरवतं. मग दांडा इंजिनाला काट्यांच्या दिशेने ढकलणारच. त्यामुळे डावी बाजू वर उचलली जाते, उजवी खाली दबते. जितक्या झटक्यात इंजिन वेग घेईल, तितकं जास्त.

“पण मूळ गाडीतसुद्धा इंजिन कलंडतच असणार,” पक्कड म्हणाली. “मी नळ्यांचा नकाशा मूळ गाडीचाच घेतला. तिथे का नाही आपटत?”

शाल्मलीचा खडू हवेतच थांबला. “मूळ गाडीत स्टिअरिंग कुठे असतं?”

“डावीकडे.”

“आणि तू आपल्यासाठी काय केलंस?”

“डाव्या बाजूचा नकाशा आरशात धरल्यासारखा उलटवला. म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे, त्याला चुकवत जाणाऱ्या नळ्याही उजवीकडे. मिलिमीटरचाही फरक नाही. बिनचूक...” पक्कडने इंजिनाकडे वळून बघितलं. चारही हात खाली आले. “नळ्या उलटवल्या. स्टिअरिंग उलटवलेलं होतंच. इंजिनाचं फिरणं मी उलटवलं नाही.”

“कुणालाच येणार नाही ते,” आज्जी म्हणाली. “अमेरिकेत इंजिन कलंडलं की नळ्या स्टिअरिंगपासून दूर जायच्या. आपल्याकडे त्या स्टिअरिंगवर येऊन पडतात. पक्कड, तू आकार आरशात बघितलास. हालचाल आरशात मावत नाही.”

कोडं सुटलं. पण घड्याळात पावणेदोन वाजले होते, आणि गवा अजून ठक् करतच होता.

“नळी हातोडीने चेपते,” पक्कड लगेच कामाला लागली. “दहा मिलिमीटर चेपली की झालं.”

“धुराची वाट चेपलीस तर गव्याचा श्वास कोंडंल,” आज्जीने तिचा हात धरला. “नवी नळी वाकवायला दोन दिवस पायजेत. दुसरं काही सुचतंय का?”

“दुखतंय उजवीकडे,” शाल्मली स्वतःशीच पुटपुटली, “पण सुरुवात डावीकडून होते. डावी बाजू उचलली जाते म्हणून उजवी दबते. डावीला वर जाऊच दिलं नाही तर? तिथे इंजिन खाली धरून ठेवणारं काहीतरी हवं. एखादी मजबूत दांडी. एक टोक इंजिनाला, एक सांगाड्याला, आणि दोन्ही टोकांना...”

ती थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“दोन्ही टोकांना काय?” आज्जीने विचारलं.

“दोन्ही टोकांना रबर बसवलेली भोकं,” शाल्मली म्हणाली. तिने मान वर न करता शेडच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथे दोन खुंट्यांवर एक जाड लोखंडी दांडी आडवी टांगली होती आणि तिच्यावर तिघींचे तेलकट एप्रन वाळत होते. दोन्ही टोकांना भोकं. भोकांत जुनी, काळी, चिवट रबरं.

“इंजिनाच्या डाव्या बाजूला होती ती. मी तीन महिन्यांपूर्वी काढली,” शाल्मली म्हणाली. “एकाही नकाशात नव्हती. मला वाटलं, आप्पांनी उगाच काहीतरी ठिगळ लावलंय. तुला विचारलंसुद्धा नाही मी. गवा छान दिसावा म्हणून काढली.”

आज्जी कोपऱ्यात गेली. एक एक एप्रन उचलून तिने खांद्यावर घेतला आणि दांडी हातात धरून तिच्यावरून अंगठा फिरवला.

“मीबी रोज एप्रन टांगत होते की हिच्यावर,” ती म्हणाली. “सत्तर वर्षांची शास्त्रज्ञ. आप्पांना सातवीनंतर शाळा नव्हती. त्यांना हे कळलं होतं, फक्त कुठं लिहिलं नाही.” मग तिने दांडी शाल्मलीच्या हातात दिली. “आता बघत काय बसलीस? तू काढलीस, तूच बसव.”

शाल्मली गव्याखाली सरपटत गेली. पक्कडने चारही हातांनी दिवे धरले. सांगाड्यावरचं जुनं भोक मातीने बुजलं होतं, ते मोकळं केलं. बोल्ट आवळताना तिच्या हाताची सालटं निघाली, पण तिला ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

बरोबर चार वाजता नाईकवडी साहेब आले. उंच, सडपातळ, हसायचं घरी विसरून आलेले. त्यांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, दिव्याने फट बघितली. “बारा. ठीक. पण चालू झाल्यावर?”

आज्जीने कणकेचा गोळा पुढे केला. साहेबांनी आधी गोळ्याकडे, मग आज्जीकडे पाहिलं. शाल्मलीने त्यांना ड्रिलपासून आरशापर्यंत सगळं सांगितलं, मध्ये श्वाससुद्धा न घेता. साहेबांनी स्वतःच्या हाताने गोळा लावला, स्वतः गवा डरकवला. एकदा, दोनदा, सहादा.

ठक् झालं नाही. सातव्यांदाही नाही.

त्यांनी गोळा सोडवून मोजपट्टीत धरला. खरपूस भाजलेला, एकसंध. “सहा मिलिमीटर शिल्लक,” ते म्हणाले, आणि गोळ्याचा वास घेतला. “मीठ आहे का यात?” मग त्यांनी कागदावर सही केली.

संध्याकाळी रंकाळ्याच्या रस्त्याने गवा निघाला. आज्जी चालवत होती, शाल्मली शेजारी, पक्कड मागे घडी घालून बसलेली. सायकलवाली पोरं थांबून कान टवकारत होती. त्यातल्या कित्येकांनी इंजिनाचा आवाज आयुष्यात ऐकलाच नव्हता.

“आज्जी,” शाल्मली ओरडून म्हणाली, कारण त्याशिवाय ऐकूच आलं नसतं, “चंद्रावर ड्रिल करणाऱ्या गाड्या पाठवणार आहेत ना? तिथे वजन एक षष्ठांश. ड्रिल अडकलं तर गाडीच गरगरेल, माझ्या स्टुलासारखी. तिला उलट बाजूने धरणारं काहीतरी लागेल.”

“मग तूच कर की त्याची दांडी.”

शाल्मली पुढे वाकली. चंद्र उगवायला वेळ होता, तरी तिने काचेतून वर बघून घेतलं.

घरी परतल्यावर तिने पितळेची एक छोटी पट्टी कापली, तिच्यावर अक्षरं कोरली आणि तारेने त्या दांडीला घट्ट बांधली. पुढे शंभर वर्षांनी कुणी ना कुणी बॉनेट उघडेल, नकाशात नसलेली दांडी बघेल आणि पाना हातात घेईल, हे तिला पक्कं माहीत होतं. पट्टीवर लिहिलं होतं:

“काढू नका. इंजिन उजवीकडे कलंडतं, ही त्याला डावीकडून धरते. शोधली आप्पांनी, काढली शाल्मलीने, समजल्यावर परत बसवली. खात्री करायची असेल तर कणीक घ्या.”