टाकाऊभक्षींची चाचणी

महापालिकेच्या प्रयोगशाळेत पंखे गरगरत होते, पण वास काही जात नव्हता. जाणार कसा? कोंढारवाडीच्या बायकांनी सहा दिवस कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या होत्या आणि सगळं शहर नाक दाबून बसलं होतं. बसू दे! डेपोशेजारची ती वाडी अकरा वर्षं तशीच बसली होती.

"हे टाकाऊभक्षी जिवाणू," डॉ. नलिनी हुद्दार काचनळी दाखवत म्हणाल्या. "कागद, कापड, प्लास्टिक, सगळं खातात. फक्त माणसाचा हात लागलेल्या वस्तूला शिवत नाहीत. हाताच्या घामातले क्षार त्यांना सोसत नाहीत."

"किती दिवस टिकतात ते क्षार?" उपायुक्त दिघावकरांनी विचारलं.

"चाळीस. त्यानंतर ती वस्तू जिवाणूंच्या लेखी कचरा."

वाडीच्या पुढारी सगुणाबाई शेलार दाराशीच उभ्या होत्या. "मग आजच सोडा की डेपोवर! माझ्या नातीला श्वास घेववत नाही हो, साहेब!"

"असं कसं, मावशी? धोका नाही ना, ते आधी बघायला नको? माझ्या कार्यालयात फवारू. तिथली प्रत्येक वस्तू वापरातली. आठ दिवसांत काही बिघडलं नाही, तर लगेच परवानगी."

"अन् तिथं पडलेले आमचे अकरा वर्षांचे अर्ज?"

"ते तर रोज माझ्या हाताखालून जातात."

धन्य तो माणूस! इतकी वर्षं मारलेली थाप त्याला स्वतःलाच खरी वाटू लागली होती.

आठ दिवस सगुणाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीचा खोकला वाढतच होता. नवव्या दिवशी सगळ्यांसमोर कार्यालय उघडलं. खुर्ची शाबूत, पडदे शाबूत, साहेबांचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडंसुद्धा शाबूत. मग अर्जांचं कपाट उघडलं. आतून करडी भुकटी भसाभसा साहेबांच्या बुटांवर सांडली. तिच्यात फक्त टाचण्या उरल्या होत्या.

"बघा, बघा!" दिघावकर ओरडले. "महत्त्वाचे कागद खाल्ले! चाचणी फसली. परवानगी नाही!"

"फसली नाही," डॉ. हुद्दार शांतपणे म्हणाल्या. "चाळीस दिवसांत कुणी एकदा जरी हात लावला असता, तर यातला एकही कागद गेला नसता."

दारातल्या बायका पुढे सरकल्या. साहेबांना घाम फुटला.

"बरं, बरं... नवा अर्ज द्या. विचार करू."

सगुणाबाईंनी कमरेची पिशवी उघडून घडी केलेला कागद काढला, टेबलावर पसरला आणि त्यावर तळवा दाबून धरला.

"हात काढा, मावशी."

"आधी तुमचा ठेवा."