मोजा घातलेली घंटा

"बाई, जरा उठता का?"

ती दचकली. नुकतीच कुठे खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत टेकली होती. समोर पांढऱ्या कपड्यांतला एक उंच तरुण, हातात औषधांचा ट्रे.

"काही चुकलं का माझं?"

"ही लोकरआजींची खुर्ची. आंघोळ करून येतीलच त्या. तुम्हाला काही बोलायच्या नाहीत... पण दुपारी जेवायच्याही नाहीत."

ती चटका बसल्यासारखी उठली. तो हसला नाही, पण ट्रेमधल्या बाटल्या उगीचच किणकिणल्या.

वृद्धनिवासातला हा तिचा पहिला दिवस. म्हाताऱ्या माणसांना रोजच्या साध्या गोष्टींत स्वतःची मर्जी चालवता आली, तर ती अधिक सुखात राहतात का, हे तिला पीएचडीसाठी तपासायचं होतं. चिठ्ठ्या टाकून मजले ठरले होते. खालच्या मजल्यावर ज्याने त्याने आपल्या वेळेला उठायचं. वरच्या मजल्यावर पूर्वीसारखीच पहाटे घंटा, घंटेला उठणं, ओळीने आंघोळी. वर्षाच्या शेवटी खालची माणसं जास्त सुखात दिसली, तर घंटा कायमची बंद, असं व्यवस्थापकबाईंनी कबूल केलं होतं. फरक दिसला नाही, तर खालीही पुन्हा घंटा.

वरच्या मजल्याची घंटा त्या ट्रेवाल्या तरुणाच्या हातात होती. दवाखान्यांत पुरुष नर्सला म्हणतात तसं सगळे त्याला 'ब्रदर' म्हणत. सुरुवातीला तीही म्हणायची. मग का कोण जाणे, तो शब्द तिच्या घशातच अडकायला लागला. एकदा पाणी मागताना ती नुसतंच "अहो..." म्हणाली.

लोकरआजींनी विणकामावरून नजर न काढता ऐकलं. "ब्रदरचे अहो झाले वाटतं," त्या सुयांना म्हणाल्या.

दर आठवड्याला ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची. काल दिवसभरात तुमच्या मनासारखं काय झालं? ती खाली मान घालून उत्तरं लिहीत असली, की तो तिच्याजवळ चहा आणून ठेवायचा.

"मला नाही विचारत कधी."

"माझा अभ्यास साठीच्या पुढच्या माणसांचा आहे."

"मग मी साठ वर्षांचा होईपर्यंत थांबता का?"

तिने चहात पाहिलं. चहात पाहण्यासारखं काही नव्हतं.

एक दिवस लोकरआजींनी नेहमीसारखं "ठीक चाललंय" म्हटलं नाही. "मनासारखं? अगं, मन जागं व्हायच्या आत मला उठवतात. पहाटे जरा डोळा लागतो, स्वप्नात आमचे हे येतात... आणि नेमकी ती मेली घंटा."

संशोधकाने हसायचं नाही, रडायचं नाही, नुसतं लिहायचं. तिने लिहिलं. मग जिन्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर वरच्या मजल्याची उत्तरं हळूहळू बदलू लागली. कुणाला भूक लागू लागली, कुणी गुणगुणू लागलं. आजी म्हणाल्या, "काल यांच्याशी भांडणसुद्धा झालं स्वप्नात. पुरतं झालं." ती आनंदली, आणि मग घाबरली. वर आणि खाली फरकच उरेना.

एका पहाटे ती न सांगताच आली. वरच्या व्हरांड्यात तो घंटेची दोरी ओढत होता. आवाज मात्र उशी आपटल्यासारखा येत होता... धप्, धप्. घंटेच्या आतल्या लोलकाला लोकरीचा निळा मोजा घातलेला होता.

"हे काय?"

त्याने दोरी सोडली. "वाजवतोय ना. नियमाप्रमाणे. नियमात मोज्याचं काही म्हटलेलं नाही."

"कळतंय का तुम्ही काय केलंत? दोन्ही मजले सारखे दिसले, तर मला लिहावं लागेल की घंटेने काही बिघडत नाही. खालच्यांनाही पुन्हा पहाटे उठवतील. तुमच्यामुळे."

त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मोजा काढायला त्याने हात नेला, मग मागे घेतला.

"पण अभ्यास संपेपर्यंत आजी असतील का... हे सांगेल कुणी?"

आतून आजींचं घोरणं ऐकू येत होतं, संथ, समाधानी.

"कधीपासून चाललंय हे?" तिने हळूच विचारलं.

"तुम्ही जिन्यात रडलात ना... त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"तुम्ही पाहिलंत?"

"चहा घेऊन येत होतो. मग... परत नेला."

ती खाली उतरली आणि तडक आपल्या गाईडसरांना फोन लावला. सर आधी चिडले. मग म्हणाले, "मोजा कधी घातला, तो दिवस नक्की माहीत आहे?"

"नक्की."

"कशावरून?"

"साक्षीदार आहे, सर."

"मग वरचा मजला मोज्याआधी कसा होता आणि नंतर कसा, ते मांड. बिघडलं तेही मांड, काही लपवू नकोस. मोजा आता शेवटपर्यंत राहू दे. आणि अभ्यास संपेपर्यंत त्या साक्षीदारापासून लांब राहा. तुझ्या आवाजावरून सांगतोय."

तो स्वतःच व्यवस्थापकबाईंकडे गेला. त्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि खालच्या मजल्यावर धाडलं. पुढचे महिने ती जिन्याने चढायची, तेव्हा तो खाली कुणाचा तरी हात धरून चालवत असायचा. दोघं मान हलवायची, बस. चहा मात्र तिच्या टेबलावर यायचा. कोण ठेवतं, हे तिने कुणालाच विचारलं नाही.

निकाल लागला. मोज्याआधीचा वरचा मजला आणि नंतरचा, यांत इतका फरक होता, की व्यवस्थापकबाईंनी घंटा उतरवूनच ठेवली. शेवटच्या दिवशी आजींनी, आता काठी टेकत का होईना, तिला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दुपारची झोप काढायला गेल्या.

तो दारात आला. खुर्चीकडे पाहून थबकला.

"आजींनी बसवलंय," ती घाईने म्हणाली. मग तिने पेन उचललं, सगळ्यांना विचारायची त्याच स्वरात विचारलं, "काल दिवसभरात तुमच्या मनासारखं काय झालं?"

"काल काही नाही. तुमचा शेवटचा दिवस जवळ आला, एवढंच." तो जरा थांबला. "आज मात्र... तुम्ही विचारलंत."

तिने लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं.

"आता मी विचारू तुम्हाला?" तो म्हणाला.

"मी साठीच्या आत आहे."

"थांबतो मी."

"इतकं नका थांबू..." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "संध्याकाळपर्यंत थांबा."