तुमची ठेवू की नवी घालू?

परतूर, नोव्हेंबर २००९. सकाळचे अकरा.

कापसाच्या जिनिंग मिलमधला वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर मी उभा केलाय. भंगारातला डबा, त्यात लिनक्स, आणि लिनक्समध्ये माझ्या हातचे अकरा बदल. अकराही वहीत तारखेसकट लिहिलेत. तीन वर्षांत एकदाही बंद पडला नाही. हे मी कुणालाही सांगतो. न विचारता सांगतो.

पुढच्या गाडीचा नंबर तो भोंग्यातून पुकारतो. आवाज भिवाचा. भिवा इथला हमाल, जन्मभर पुकारा त्याचाच. मी त्याच्याकडून एक ते शंभर आकडे म्हणवून रेकॉर्ड केले आणि दोन महिन्यांनी तो वारला. त्याची बायको साळूबाई आवारात सांडलेला कापूस झाडते. भोंगा वाजला की झाडू थांबतो.

आज नवा काटा आला. जुनी सिस्टिम त्याला ओळखेना, म्हणून अपग्रेड.

"नव्यात बाईचा आवाज तयारच येतो म्हणं," मॅनेजर अण्णासाहेब म्हणाले. "तोच टाक. जल्दी कर, गाड्या उभ्या हायेत."

साळूबाई दारात. "गिरिधरभाऊ, ह्यांचा जाणार न्हाई ना?"

"मावशी, मशीन कुणाच्या हातचं हाय?"

अपग्रेड माझ्या प्रत्येक बदलापाशी थांबून पडद्यावर विचारू लागलं.

*ही फाइल तुम्ही बदललेली आहे. तुमची ठेवू की नवी घालू?*

ठेव.

*ही फाइल तुम्ही*

ठेव. ठेव. दहा वेळा. प्रत्येक तारीख २००६ ची, वहीशी बराबर जुळणारी. छाती फुगली.

अकरावी. भिवाचा आवाज.

*शेवटचा बदल: आज, ९.४०.*

नऊ चाळीसला नवा काटा बसवायला मशीन बंद होतं. प्लगची वायर माझ्याच हातात होती.

"काय झालं रे?"

"काही न्हाई, साहेब."

मूळ आवाजाची सीडी खिशात होती. नवी घालून नंतर तो परत भरता आला असता.

दारातून झाडूचा आवाज येत नव्हता.

ठेव.

नवा काटा पहिल्याच झटक्यात जोडला गेला. अण्णासाहेबांनी पाठ थोपटली.

"सत्तावीस."

भिवाच. पण धाप लागलेली. 'स' म्हणताना हवा निसटली.

ट्रॅक्टर काट्यावर चढला. कुणी वर पाहिलं नाही.

साळूबाई पदर सावरत, ताठ मानेनं ऐकत होती.

"समोरचे दात पडले जणू ह्यांचे," ती म्हणाली. "गेल्ते तवा सगळे व्हते."