मागून येणारा निळा ट्रक

पाऊस असा अवचित आला की प्रेक्षकांच्या स्टँडमधल्या बायकांना हातातलं लोणी माखलेलं कणीस सावरावं की डोक्यावर पांघरूण ओढावं तेच सुचेना. घटकेत ट्रॅकच्या काळ्या मातीचा चिखल झाला आणि शर्यत थांबली. गाड्यांवर ताडपत्र्या पडल्या. डेला आपल्या जुन्या निळ्या ट्रकच्या काचा वर करून, इंजिन चालू ठेवून बसून राहिली. चालू ठेवणं भागच होतं. त्या ट्रकची बॅटरी म्हणजे रुसूबाई, एकदा बंद केला की पुन्हा लागेलच याचा काही नेम नाही.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच माणूस उभा होता, नखशिखांत चिखलाने माखलेला, काखेत हेल्मेट.

"आत बसू का जरा? माझी माणसं ट्रेलरला कुलूप लावून कणसं खायला पळालीत."

डेलाने ओळखलं. कोण ओळखणार नाही... कर्टिस हाल्वर्सन. लागोपाठ दोन वर्षं देशाचा विजेता. त्याचं नाव छापलेल्या टोप्या गेटवरच विकायला होत्या.

"बसा. सीट आधीच फाटकी आहे, तुमच्या चिखलाने काही बिघडायचं नाही."

तो हसला. चिखलात नुसते दात दिसले. मग काच पुसून तो बाहेरचा पाऊस बघत बसला, आणि डेला त्याचे हात बघत बसली. एवढ्या नावाजलेल्या माणसाचे हात इतके खरबरीत असतील असं तिला वाटलं नव्हतं.

"हा ट्रक ढकलायच्या कामाचा दिसतो," तो म्हणाला. "एक विचारू? सगळीकडे लोक मागून येतात आणि धाडकन आदळतात. दात खिळखिळे होतात. पण इथे कोणीतरी एक आहे... बंपर कधी टेकला ते कळत नाही. आपण नुसते निघतो. गेल्या वर्षीही तोच होता. कोण हो तो म्हातारा?"

डेलाने थर्मासमधली कॉफी ओतली. पेला त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "तो म्हातारा मीच."

देशाचा विजेता चिखलाखाली लालबुंद झाला.

आता त्यात त्या बिचाऱ्याची तरी काय चूक? ही स्प्रिंट कार म्हणजे विचित्रच वाहन. एवढंसं अंग, डोक्यावर छपराएवढा पंख, इंजिन राक्षसाचं, आणि ते सुरू करायला किल्ली नाही. मागून ट्रकने ढकलायचं, गाडीने वेग घेतला की आत बसलेल्याने स्विच टाकायचा, मग इंजिन पेटतं आणि गाडी सुसाट सुटते. आत बसलेला पट्ट्यांनी मानेपर्यंत आवळलेला. मान वळत नाही, मागचं दाखवायला आरसा नाही. निघायची तयारी झाली की तो हात वर करतो, बस. ज्याच्या धक्क्यावर निघायचं त्याचं तोंड त्याला कधी दिसत नाही.

आणि ढकलणाऱ्याला तरी काय दिसतं? पाठ. डेलाला कर्टिसची गाडी मागून तोंडपाठ होती. टाकीवरचा पोचा, पंखाच्या कडेला मारलेलं ठिगळ, वर होणारा हातमोजा... मग कानठळ्या बसवणारा आवाज, तोंडावर उडालेली माती, आणि रिकामा ट्रॅक.

त्या पावसानंतर तो दर ऑगस्टला येऊन आधी निळा ट्रक शोधायचा. बोलणं फार व्हायचं नाही, पण "तुम्ही"चं "तू" झालं. तो थट्टा करायचा, की आज हलक्या हाताने हं, म्हातारबाबा. ती म्हणायची, आज मुद्दाम आदळणार आहे, दात सांभाळ. एकदा त्याने सांगितलं की ढाली आणि चषक आईच्या गॅरेजमध्ये चादरीखाली पडलेत, कारण ते ठेवायला त्याला घरच नाही. वर्षभर एका गावातून दुसऱ्या गावात. जिंकला की टाळ्या, फोटो, मग मोटेलची खोली आणि टीव्ही. कोणाला फोन करून सांगावं असं कोणी नाही, असं तो अगदी सहज म्हणाला. डेलाला ते घरी जाईपर्यंत पुरलं. घरी पोचल्यावरही उरलं.

तिचं तरी कुठे निराळं होतं. लग्न एकदा करून बघितलं होतं, नवरा कामासाठी टेक्सासला गेला तो गेलाच. दिवसभर बियाण्याच्या दुकानात काउंटरमागे, संध्याकाळी बाबांबरोबर जेवण. बाबा म्हणजे हॅरोल्ड. ट्रक मूळचा त्यांचाच, पण गुडघे गेले आणि स्टिअरिंग लेकीकडे आलं. हिवाळ्यात बर्फ पडलं की घरात घड्याळाशिवाय कोणी बोलत नसे. अशा वेळी ती मनातल्या मनात ऑगस्टपर्यंतचे महिने ढकलायची.

गेल्या ऑगस्टला निघताना कर्टिस ट्रकच्या खिडकीशी आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"पुढच्या गावी येतेस? म्हणजे... त्याच्या पुढच्याही."

बाबांना कोण बघणार, हे डेलाच्या मनात पहिलं आलं. आणि दुसरं आलं ते सांगायची छाती होईना, की मी येऊ शकत नाही, तूच थांब. एवढ्या मोठ्या माणसाला थांब म्हणायला आपण कोण? ती मूग गिळून बसली. त्याने थोडी वाट पाहिली, टोपी डोक्यावर घातली आणि गेला. त्यानंतर वर्षभर तिने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

आणि या वर्षी बातमी आली. कर्टिस हाल्वर्सन शर्यत सोडतोय. इथली शर्यत शेवटची, मग तो वॉशिंग्टन राज्याच्या डोंगरांत भावाच्या सफरचंदाच्या बागेत कामाला जाणार.

शनिवारी पाऊस झाला, म्हणून शर्यत रविवारी दुपारवर गेली. कर्टिस आला. लांबूनच मान हलवली, खिडकीशी आला नाही. बाबांनी दुर्बिणीतून हे सगळं बघितलं आणि दुपारच्या सँडविचबरोबर लेकीला सुनावलं, की माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून तोंडाला कुलूप लावायचं असेल तर लाव बापडी, पण मग हिवाळ्यात माझ्यासमोर उसासे टाकायचे नाहीत.

अंतिम शर्यतीत कर्टिस पहिल्या रांगेत होता. डेलाने ट्रक त्याच्या मागे नेला. बंपर टेकवला. हात वर झाला. ती निघाली.

वेग आला. आता स्विच टाकेल... आता. नाही. वळण आलं, वळण गेलं. त्याचं इंजिन नेहमी चटकन पेटायचं, त्यासाठी तो प्रसिद्धच होता. स्टँडमध्ये कुजबुज सुरू झाली. पेटायला धडपडणाऱ्या इंजिनाचे हिसके ट्रकच्या स्टिअरिंगपर्यंत पोचतात, ते डेलाच्या हातांना पाठ होते. आज एकही हिसका नव्हता. इंजिन बिघडलं नव्हतं. त्याने स्विच टाकलाच नव्हता.

विसरला? अहो, हा माणूस स्विच टाकायला विसरेल? श्वास घ्यायला विसरेल एक वेळ.

अख्खी फेरी झाली. दुसरी सुरू झाली. ती संपेपर्यंत इंजिन लागलं नाही तर गाडी शर्यतीतून बाहेर, असा नियम. झेंडेवाला हातवारे करत होता. आणि डेलाच्या मग हळूहळू ध्यानात आलं. तिला एकदम रडूच आलं.

पलीकडच्या सरळ पट्ट्यावर स्टँड नाही, नुसता मका. तिथे तिने ब्रेक दाबला. कर्टिसची गाडी थोडी घरंगळली आणि थांबली. गाडी थांबली म्हणजे पहिली रांग गेली, शेवटून सुरुवात, हे दोघांनाही माहीत होतं. ढकलणारे ट्रकातून कधी उतरत नाहीत. डेला उतरली. चालत त्याच्या गाडीपाशी गेली आणि वाकली.

त्याने हेल्मेटची काच वर केली. डोळे लाल झालेले.

"स्विच टाक, कर्टिस."

"टाकला की तू मागे राहतेस," तो म्हणाला. "दर वेळी. म्हटलं, शेवटची एक फेरी... बरोबर जाऊ."

डेलाने त्याच्या गाडीच्या लोखंडी पिंजऱ्याची नळी घट्ट धरली. झेंडेवाला तिकडून काहीतरी ओरडत होता. ओरडू दे.

"गेल्या वर्षी मी गप्प बसले, ते नाही म्हणून नव्हे. मला येता येत नव्हतं. आणि तुला थांब म्हणायची हिंमत नव्हती."

"आणि आज?"

"थांब," ती म्हणाली. "आज म्हणते. इथे थांब. माझ्याजवळ."

बोलायला वेळच नव्हता. ती धावत ट्रककडे गेली, बंपर टेकवला, हात वर झाला. या वेळी इंजिन लगेच पेटलं. काच मातीने भरली आणि तो गेला.

शेवटून निघून त्याने जी गाडी हाणली ती बघायला म्हातारे हॅरोल्डसुद्धा गुडघे विसरून उभे राहिले. एकेकाला बाहेरच्या बाजूने मागे टाकत तो वर आला. पहिला नाही आला. तिसरा आला. डेलाने त्यातलं निम्मं पाहिलंच नाही. ती मैदानाच्या आत, पलीकडच्या पट्ट्याला लागून, ट्रकमध्ये डोळे मिटून बसली होती, आणि आवाज ऐकवेना म्हणून की काय, तिने भान विसरून ट्रकचं इंजिन बंद केलं होतं.

शर्यत संपली. जिंकलेला स्टँडसमोर गेला. कर्टिसने मात्र पलीकडच्या पट्ट्यावर, मक्याच्या बाजूला, तिच्या ट्रकपासून बरीच पुढे गाडी आणून बंद केली. आता ती पिटमध्ये, म्हणजे गाड्या ठेवायच्या जागी, ढकलत नेणं हे कोणाही ट्रकचं काम. बाकीचे ट्रक वळणावर थांबले होते. एकही पुढे आला नाही. मेले सगळे मजा बघत होते.

कर्टिस पट्टे सोडून बाहेर आला, हेल्मेट काढलं, आणि पहिल्यांदाच मागे वळून त्या निळ्या ट्रककडे बघितलं. मग चालत खिडकीशी आला.

"सफरचंदं भाऊ काढेल," तो म्हणाला.

डेलाला हसावं की रडावं कळेना. बोलता येईना म्हणून तिने किल्ली फिरवली. ट्रक खोकला आणि गप्प झाला. पुन्हा फिरवली. तेच.

"बॅटरी," ती म्हणाली, शरमून.

कर्टिसने एकदा स्वतःच्या गाडीकडे बघितलं, एकदा ट्रककडे. हेल्मेट तिच्या मांडीवर ठेवलं. "गिअर टाक. आणि हात वर कर, तयारी झाली की."

तो मागे गेला. डेलाने खिडकीतून हात वर केला. जन्मभर दुसऱ्याच्या धक्क्यावर निघालेला तो माणूस मागून खांदा लावून रेटू लागला. ट्रक जागचा हलला, हळूहळू चालू लागला. तिच्याकडे आरसा होता. त्यात त्याचा चेहरा दिसत होता, घामेजलेला, मातीने काळा, आणि हसणारा. इतकी वर्षं ढकलताना तिने फक्त पाठच पाहिली होती.

तिने क्लच सोडला. ट्रक हिसका देऊन धडधडला. इंजिन लागलं.

डेलाने ब्रेक दाबला, आणि तो दारापर्यंत येईस्तोवर थांबून राहिली.