दर गुरुवारी दोन सेंटिमीटर

"हँडल डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे! आता पुढचं चाक उचला... मागचं नाही हो, पुढचं!"

हे सगळं मी तव्यावरची गालेत, म्हणजे आमच्याकडचं धिरडं, उलथता उलथता खिडकीतून ओरडत होते. बाहेर बघायची गरजच नव्हती. लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणकन आवाज, मग दोन क्षण शांतता, मग एक शिवी — तीन उन्हाळे मी हेच ऐकत आले होते. कधी डच शिवी, कधी जर्मन. आजची फ्रेंच होती, आणि दक्षिणेकडच्या हेलात होती.

आमच्या फ्रेंच गावातली ही कालव्याकाठची वाट फक्त सायकलींची. मोटार नाही, हॉर्न नाही. तिथे मोटारी शिरू नयेत म्हणून तीन वर्षांपूर्वी कुणा शहाण्याने बरोबर माझ्या कॅफेसमोर दोन लोखंडी अडसर नागमोडी उभे केले. ते एकमेकांना इतके खेटून उभे होते, की मोटार सोडाच, पिशव्या लावलेली सायकलही त्यातून निघत नसे. मग मी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर पळायचं, आणि ब्रुसेल्सच्या कुठल्या तरी आजोबांची सायकल उचलून पलीकडे ठेवायची. माझी कंबर त्या उन्हाळ्यांनी कायमची धरली.

त्या गुरुवारीही गेले. मे महिना, भुरभुर पाऊस. शिवी देणारा एक पाय अडसरात आणि एक पाय हवेत अशा अवस्थेत उभा होता. चष्म्यावरून पाणी गळत होतं. केस कपाळाला चिकटलेले, आणि त्याखाली... डोळे बरे होते. नाकारण्यात अर्थ नाही.

"ढोपर आत घ्या," मी म्हटलं.

"घेतलंय."

"दुसरं!"

त्याने दुसरं घेतलं. मी मागून जोर लावला. सायकल हलली नाही, मी मात्र भडकले.

"हे ज्या गाढवाने बांधलं ना, त्यालाच एकदा पिशव्या लावून इथून जायला लावलं पाहिजे. पावसात. उपाशीपोटी!"

"तेच चाललंय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गाढव मीच." त्याने अडसरावरून ओला हात पुढे केला. "तिबो रुवियेर. जिल्ह्यातल्या सायकलवाटांचं काम बघतो."

दारापुढच्या बाकावर बसलेले फांशकाका खो खो हसले. काका आमच्या कालव्याची दारं उघडण्या-लावण्यात चाळीस वर्षं घालवून निवृत्त झालेले, साऱ्या गावाचे काका. त्या वर्षात ते पहिल्यांदाच इतके हसले असावेत.

"आराखड्यात सायकलींना पिशव्या नव्हत्या," तिबो पडेल आवाजात म्हणाला.

"आणि माणसांना ढोपरं?"

"होती. पण इतकी बाहेर आलेली नव्हती."

"मी तुमच्या ऑफिसला अकरा पत्रं पाठवली!"

"म्हणजे ग्वेनोला तुम्हीच?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "सगळी वाचली. चौथं तर... 'तुमच्या अभियंत्याने सायकल फक्त चित्रात पाहिली असावी.' मी ते टेबलासमोर लावलंय."

"ती तक्रार होती!"

"हो. पण काय लिहिलीय!"

अशा माणसाशी भांडायचं कसं? त्याने खिशातून मोजपट्टी काढली, आणि मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. बारा वाजले होते. आमच्या गावात बारा वाजता कुणी काही मोजत नाही. बसवलं त्याला जेवायला. कुट्टूच्या पिठाची गरम गालेत, आत सॉसेज आणि कांदा, सोबत वाडगाभर सिडर, आमची सफरचंदाची हलकी दारू. त्याने एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि विचारलं, "थोडा मध मिळेल?"

"कशावर?"

"यावरच."

फांशकाकांनी छातीवर क्रूस काढला. मी मध आणून टेबलावर आदळला. त्या दिवशी तिबोने अडसराचा एक खांब सैल करून जरासा सरकवला आणि जाताना म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो. एकदम रुंद करता येत नाही. बघत बघत करावं लागतं."

पुढच्या गुरुवारी तो त्याच्या ऑफिसच्या गावाहून, मालेत्रुआहून, चौदा किलोमीटर सायकल मारत, साडेअकराला हजर. खांब आता बोल्टवर बसवला होता, तो सरकवला, मोजला, वहीत लिहिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. जूनच्या मध्यापर्यंत पिशव्यांसकट सायकली सुळकन जायला लागल्या, आणि मला वाटलं, संपलं. तर पुढच्या गुरुवारी स्वारी पाना घेऊन दारात!

"आता काय राहिलं?"

"दोन सेंटिमीटर," तो गंभीरपणे म्हणाला.

"दोन सेंटिमीटरने काय होणार आहे?"

"तेच बघायचंय."

सबंध जुलै त्याने दर गुरुवारी दोन सेंटिमीटर केले. मी तोंडाने त्याला बोल लावत होते आणि हाताने हायड्रेंजियाच्या झुडपाजवळचं सावलीतलं टेबल त्याच्यासाठी अडवून ठेवत होते. गुरुवारी निळा ब्लाउज घालायला लागले. मधाची बरणी न मागता ठेवायला लागले, ती सुद्धा त्या पवित्र गालेतशेजारी! तो समोर बसून खायचा, मी तव्यामागून बघायचे. त्याने वर पाहिलं, की मी घाईघाईने तवा पुसायचे. तवा आरशासारखा झाला होता.

तो मला आवडायला लागला होता, आणि याचा मला भयंकर संताप येत होता. कारण तो माणूस काही बोलेल तर शपथ! हवामानावर बोलायचा, खांबावर बोलायचा. आमच्याकडे पाववाली बाईसुद्धा गालाला गाल लावल्याशिवाय पाव देत नाही. हा मात्र येताना हात मिळवायचा, जाताना हात मिळवायचा. जाताना जरा जास्त वेळ धरायचा, एवढंच.

"तुम्हाला घाई कशी नसते हो कधी?" मी एकदा विचारलंच.

"असते ना. येताना असते." मग कान लाल करून तो पानाच शोधत बसला, जो त्याच्या हातातच होता.

जुलैच्या शेवटच्या गुरुवारी तो नीट जेवला नाही. म्हणाला, "मला बदली देऊ केलीय. तिकडे दक्षिणेत, माझ्या डोंगरात. एक सप्टेंबरपासून."

माझं उलथणं हवेतच राहिलं. "मग? जाणार?"

"ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी पाच वाजेपर्यंत कळवायचंय. होय की नाही." त्याने चष्मा पुसला. "तुम्हाला... काय वाटतं?"

आता बघा. इथे कुठल्याही शहाण्या बाईने म्हणायचं, जाऊ नका. तीन शब्दही लागत नाहीत. मी काय म्हणाले? "डोंगरात हवा चांगली असते."

"हो," तो म्हणाला. "हवा चांगली असते."

त्या रात्रभर मी स्वतःला शिव्या दिल्या. तीन वर्षं सरकारला पत्रांतून फाडून खाणारी मी, एका माणसापुढे हवापाण्याची चौकशी करत बसले होते. ऑगस्टचे गुरुवार एकेक करून गेले. तो यायचा, खांबाशी खुडबुड करायचा, बोलायला तोंड उघडायचा... आणि मध मागायचा.

शेवटच्या गुरुवारच्या आदल्या मंगळवारी त्याच्या ऑफिसच्या मादाम ले गॉफ सायकलवरून आल्या. पन्नाशीच्या, कडक, वाट तपासायला निघालेल्या. अडसरातून आरामात आल्या, गालेत मागवली आणि म्हणाल्या, "छान झालंय हे. जूनमध्ये संपवलं ते बरं झालं."

"जूनमध्ये कुठे? अजून दर गुरुवारी चालू आहे."

"काय चालू आहे?"

"दोन सेंटिमीटर!"

त्यांनी काटा खाली ठेवला. "काम बारा जूनला संपलं. कागदावर माझी सही आहे."

बाकावरून फांशकाकांचा आवाज आला. "मी कधीचा सांगणार होतो. खांब एका गुरुवारी बाहेर जातो, पुढच्या गुरुवारी आत येतो. खडूने खूण करून ठेवलीय मी. जूनपासून जागच्या जागी नाचतोय तो."

"मग सांगितलं का नाहीत?" मी किंचाळले.

"तू निळा ब्लाउज घालत होतीस. म्हटलं, कळलं असेल."

मादाम ले गॉफ माझ्याकडे बघत होत्या. मग काकांकडे, मग मधाच्या बरणीकडे. "अस्सं," त्या सावकाश म्हणाल्या. "तिबो दर गुरुवारी रजा काढतो. आम्हाला वाटत होतं, दातांचं काही तरी आहे. दहा गुरुवार झाले. सगळं ऑफिस समुद्रावर जाऊन आलं, याची उन्हाळ्याची सुट्टी मात्र अशी सुटी सुटी संपली. आता एक दिवस उरलेला नाही."

मी खुर्चीत बसले. आमच्याकडे माणूस घर गहाण टाकेल, पण ऑगस्टची सुट्टी सोडणार नाही. आणि या बावळटाने आपली सबंध सुट्टी एका लोखंडी खांबाभोवती घालवली! एकदा समुद्रावर पाय बुडवले नाहीत. इतकं सगळं करेल, पण तोंड उघडणार नाही. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि हाताशी असता तर मी त्याला उलथण्याने बडवला असता.

गुरुवार उजाडला. तो येणार नाही हे मला ठाऊक होतं, रजाच नव्हती. तरी साडेअकराला मी चारदा बाहेर जाऊन आले. फोन करावा? फोनवर मी पुन्हा हवेबद्दल बोलेन याची मला खात्री होती. पावणेबाराला पाऊस सुरू झाला. कॅफेत अकरा माणसं, सगळी भुकेली, सगळी ओली. बाराचे ठोके पडले, आणि मी ॲप्रन सोडला.

"काका, तवा सांभाळा."

"मी? मला अंडं उकडता येत नाही!"

"मग शिका!"

ऑगस्टमध्ये, जेवणाच्या वेळी, भरलेलं कॅफे टाकून मी निघाले. माझी सायकल म्हणजे पाव आणायची, लोखंडाची, एकाच वेगाची. पाऊस तोंडावर मारत होता. पुलाखालून गेले, गिरणीवरून गेले. समोरून येणारे पर्यटक हसून "बोंजूर" म्हणत होते आणि मी दात-ओठ खात पेडल मारत होते. मनात वाक्यं जुळवत होते. सगळी पत्रातल्यासारखी होत होती.

सहा किलोमीटरवर वळण आहे, तिथे मी एकाला जवळजवळ धडकलेच. दोघांनी ब्रेक दाबले. दोघांची चाकं चिखलात आडवी झाली.

तो होता. चष्म्यावर पाणी, तोंडाने श्वास.

"तू इथे काय करतोयस?" मी ओरडले. "रजा नाही ना तुला?"

"जेवणाची सुट्टी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "दीडपर्यंत. तुला... तुम्हाला कुणी सांगितलं रजेचं?"

"सगळ्यांनी! खांबाने सुद्धा! दहा दिवस, तिबो? दहा? आणि एक वाक्य नाही?"

"मी विचारलं होतं... तू म्हणालीस, हवा चांगली असते."

"मी मूर्ख आहे! पण तू तरी विचारायचं असं? 'तुम्हाला काय वाटतं'? असं विचारल्यावर कुणाला काय वाटणार?"

मागे घंटी वाजली. रेनकोट घातलेली सहा माणसं, सायकली धरून, आम्ही वाट अडवली म्हणून खोळंबली होती. एकाने पुन्हा घंटी वाजवली.

"थांबा की जरा!" मी त्यांच्यावर खेकसले. "दिसत नाही का, बोलतोय आम्ही!"

घंटी थांबली. पाऊस मात्र चालूच होता. तिबोने चष्मा काढला, पुसायला काही कोरडं सापडलं नाही, म्हणून नुसताच हातात धरला.

"मला जायचं नाहीये," तो म्हणाला. "मे महिन्यापासून नाही. तू पावसात मला गाढव म्हणालीस ना, तेव्हापासूनच. पण तुला मी नकोच असलो, तर इथे राहून मला ते रोज बघवणार नाही. म्हणून तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढंच. पाचच्या आत."

माझी सगळी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी त्याच्या ओल्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "मला तू हवायस. रोज हवायस. फक्त गुरुवारी नाही."

आणि मग हात मिळवायचं त्यालाही सुचलं नाही. पावसाची, आणि सिडरची नव्हे तर ऑफिसच्या कॉफीची चव होती त्याच्या ओठांना. रेनकोटवाल्या सहाही जणांनी एकदम घंट्या वाजवल्या. या वेळी मी त्यांना काही बोलले नाही.

मग मीच त्याच्या खिशातून फोन काढून त्याच्या हातात दिला. "आत्ता. माझ्यासमोर. तुझ्यावर पाचपर्यंत भरवसा नाही माझा."

त्याने नंबर लावला. मला पलीकडचा बाईचा आवाज ऐकू येत होता. "हो, रुवियेर बोलतोय... नाही. नाही, येत नाही मी... हो, पक्कं... कारण?" त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले. "कारण... तसं खासगी आहे..."

"खासगी कसलं!" मी फोनवर वाकून ओरडले. "सांग ना त्यांना!"

तो हसला. आणि तीन महिने हवामानावर बोलणाऱ्या त्या माणसाने, भर पावसात, अनोळखी सहा जणांसमोर आणि कुठल्या तरी डोंगरातल्या ऑफिसातल्या बाईला, मोठ्या आवाजात, स्पष्ट शब्दांत ते सांगितलं.