झानेताचा निळा प्याला

कोणी विश्वास ठेवो न ठेवो, हे आमच्याच घरात घडलंय. ओर्सा माझी सख्खी मावशी. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. तिने सांगितलं, तसंच सांगतेय.

साल १४८६. फेब्रुवारीतला गुरुवार, भर दुपार. आमच्या मुरानो बेटावर असं धुकं उतरलं होतं की कालव्यापलीकडची काचेची भट्टी दिसत नव्हती.

मावशीच्या एकुलत्या एका लेकीची, झानेताची सोयरीक होती.

आमच्याकडे सोयरिकीला निळ्या काचेचा प्याला लागतो. त्यावर नवरा-नवरीचे चेहरे रंगवतात आणि सगळ्यांसमोर नवरी त्यातून पहिला घोट घेते. वितळलेली काच नळीने फुंकून प्याला घडवला होता बियाझोकाकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी. चेहरे रंगवले होते मावशीने. अख्ख्या बेटावर तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता.

मावशीने प्याल्यात वाइन ओतली आणि मासे आणायला आत गेली. परत येऊन बघते तर...

प्याला रिकामा.

"कोणी प्यायलं गं?"

"मी काय हात तरी लावलाय? माझ्याकडे काय बघतेस!" झानेता म्हणाली.

"आमच्या अंझोलोला विचारा," होणारी विहीण म्हणाली. "पिंपाजवळ सोडला तर पिंप संपवेल हा."

सगळे हसले. नवरामुलगा अंझोलो लाजून लाल झाला.

मावशीने प्याला पुसला. खाली डाग नव्हता. तळाला बोट फिरवून पाहिलं, चीर नव्हती. तिने पुन्हा काठापर्यंत भरला.

आणि तिला आवाज आला. हळू... अगदी कानाशी...

कोणीतरी घोट गिळला होता.

तिच्या डोळ्यांदेखत वाइन बोटभर खाली गेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. काका पांढरेफटक पडले होते.

"थांब, झानेता!"

पण तोवर पोरीने प्याला तोंडाला लावला होता. ती प्यायली. प्याला खाली ठेवला.

"आई, पाणी दे."

एक सुरई संपली. मग दुसरी. मग तिसरी. ओठ कोरडेच.

"आई, पाणी..."

पाहुण्यांचं हसू कधीच मावळलं होतं. विहिणीने मुलाचं मनगट धरलं आणि उठलीच. तो बिचारा दारापर्यंत मागे वळून बघत होता.

मावशीने काकांना स्वयंपाकघरात ओढलं. "काय केलंत तुम्ही?"

"काचेत घालायची निळी पूड नव्हती गं. डोंगरात बर्फ पडलाय, ती आणणारे जर्मन व्यापारी तिकडेच अडकलेत. सोयरीक तोंडावर आलेली..."

"मग हा निळा आला कुठून?"

काकांनी दार लोटून घेतलं.

"फान्तीनाच्या प्याल्यातून."

फान्तीना शेजारच्या बोनाची मुलगी. नोव्हेंबरात, लग्नाला चार दिवस असताना तापाने गेली. पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं वैद्याने बजावलं होतं. ती शेवटपर्यंत पाणी मागत होती.

सोयरीक झालेली मुलगी लग्नाआधी गेली, तर तिचा प्याला गोड्या पाण्याने भरून खाडीत सोडतात. तिकडे तिला तहान लागू नये म्हणून. ज्याने फुंकला त्यानेच सोडायचा, अशी रीत. बोनाने विश्वासाने तो काकांच्या हातात दिला होता. निळी काच वाया जाऊ नये म्हणून काकांनी तो ठेवून दिला आणि पुढे फोडून भट्टीत टाकला.

"वितळली की काच कोणाची राहत नाही, असं वाटलं मला," काका म्हणाले आणि रडू लागले.

"रडता काय! फान्तीना अजून तहानलेली आहे. आत्ताच्या आत्ता सोडायचा हा प्याला."

दोघं होडीत बसले. घरातून आवाज येतच होता... "आई, पाणी..."

धुक्यात खोल पाण्यापर्यंत काकांनी होडी नेली. मावशीने विहिरीचं पाणी प्याल्यात ओतलं. या वेळी ते कमी झालं नाही. मावशीच्या जिवात जीव आला. "पी बाई, पोटभर पी. माझ्या लेकीला सोड," म्हणत तिने प्याला पाण्यात सोडला.

परत आले तर काठावर बोना उभी होती. जाताना तिने मावशीच्या हातात निळा प्याला पाहिला होता.

"प्याला सोडायला गेला होतात ना? कोणाची मुलगी गेली?"

मावशीने तिचे पाय धरले. सगळं सांगितलं. बोनाने मारायला हात उगारला, पण तो तसाच खाली आला.

"ओर्सा... त्या प्याल्यावर चेहरा कोणाचा होता?"

मावशीला आधी कळलंच नाही.

"मेलेल्या मुलीचा प्याला सोडतात गं. तू सोडलास त्याच्यावर चेहरा कोणाचा होता?"

मावशी धावत सुटली.

घरातून आवाज येत नव्हता...

झानेता खुर्चीत बसली होती. मांडीवर भरलेली सुरई. डोळे उघडे. अंगात ताप नाही, कुठे जखम नाही.

तिच्यासाठी सोडायला प्यालाच उरला नव्हता. काका दुसरा फुंकायला बसले, पण त्यांची फुंक नळीतून पुढे जाईना. त्यानंतर त्यांनी नळी हातात घेतली नाही. पुढच्या वर्षी ते गेले. बोना मावशीशी मरेपर्यंत बोलली नाही, आणि तिचं काय चुकलं?

आता मी मावशीजवळ राहते. रोज दुपारी ती खिडकीत पाणी भरून ठेवते. हल्ली तिला ऐकू कमी येतं, म्हणून मला विचारते.

"घोट ऐकू आला का गं? एकीचा, की दोघींचा?"

"एकीचाही नाही, मावशी. शांत झाल्यात पोरी."

ती मान हलवते. तिला पटतं की नाही, मला माहीत नाही.

दोघींचा येतो. रोज येतो.